धातूंची उतरंड

गेल्या काही वर्षांत माळ्यावरची पितळेची पातेली, तांब्याचे हंडे आणि बिडाच्या कढया पुन्हा खाली उतरू लागल्या आहेत. उतरू देत, भांडी चांगलीच आहेत. त्यांच्याबरोबर उतरायला हवी होती ती माहिती मात्र माळ्यावरच राहिली असावी. आमच्या शेजारच्या तरुण जोडप्याने हौसेने जुन्या पितळी पातेल्यात कढी केली. आतली कल्हई जागोजागी उडालेली. उरलेली कढी रात्रभर त्याच पातेल्यात राहिली. सकाळी कडेला हिरवट झाक, आणि चव अशी की चमचा जिभेवर टेकताच तोंड वाकडे व्हावे. ‘काकू, दही खराब होतं का हो?’ म्हणून सूनबाई विचारायला आली. दही उत्तम होते. कढी कळकली होती. ‘कळकणे’ हे क्रियापदच तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

शब्द गेला की त्यामागचे शहाणपणही जाते. मी बरीच वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे. दहावीच्या पुस्तकातला ‘धातूविज्ञान’ हा धडा मुले परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात. वास्तविक त्या धड्यातला एकच तक्ता लक्षात राहिला, तर स्वयंपाकघरातले निम्मे प्रश्न विचारावे लागणार नाहीत. पुस्तकात त्याला ‘अभिक्रियाशीलता श्रेणी’ म्हणतात. मी वर्गात त्याला उतरंड म्हणत असे.

उतरंड वरून खाली अशी रचलेली आहे: पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, मग तांबे, चांदी आणि तळाशी सोने. शिसे आणि तांबे यांच्या मधल्या जागी हायड्रोजन बसवतात. तो धातू नाही, तरी तिथे का, ते पुढे येईलच. धातूचा अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन किती सहज देऊन टाकतो यावर त्याची जागा ठरते. वरचे उधळे, खालचे चिकट. सोडियम इतका उधळा की तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. पाण्यात पडला तर पेट घेतो. सोने इतके चिकट की नुसत्या हवेला आणि पाण्याला ते काहीच देत नाही.

इलेक्ट्रॉन दिले की धातू धातू राहत नाही, त्याचे संयुग होते, आणि संयुगाचा स्वभाव मूळ धातूवरून ओळखू येत नाही. पेटणारा सोडियम आणि विषारी क्लोरीन वायू एकत्र येऊन आपण चिमटीने आमटीत टाकतो ते मीठ होते. पितळी तपेली उपयोगाची वस्तू. पण त्यातल्या तांब्याचे दह्यातल्या आम्लाशी संयुग झाले की उलट्या होऊ शकतात. ‘तांबं शरीराला चांगलं असतं’ असे कोणी म्हणाले, की कोणत्या रूपातले आणि किती, हे दोन प्रश्न विचारावेत.

उतरंडीचा नियम सोपा आहे. वरचा धातू खालच्याला त्याच्या संयुगातून हुसकावतो आणि स्वतः त्याच्या जागी जाऊन बसतो. हे डोळ्यांनी बघायचे असेल तर शेती अवजारांच्या किंवा खतांच्या दुकानातून थोडे मोरचूद आणा. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. एखाद्या टाकाऊ काचेच्या बाटलीत, खाण्यापिण्याच्या भांड्यात नव्हे, त्याचे निळे पाणी करा आणि त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा सोडा. काही मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर चढतो. लोखंडाने तांब्याला पाण्यातून बाहेर काढले आणि आपण पाण्यात उतरले. बाटली तशीच ठेवली तर निळा रंग फिकट होत हिरवटाकडे झुकतो, कारण पाण्यात आता लोखंडाचे सल्फेट, म्हणजे आपले जुने हिराकस, तयार होत असते.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना आणि कोकणातल्या सुपारीवाल्यांना हा प्रयोग नवीन वाटणार नाही. ते तो दरवर्षी करतात, फक्त खिळ्याऐवजी विळ्याने. द्राक्षावरच्या केवड्यासाठी आणि सुपारीच्या कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करायचे. मोरचुदाचे मोकळे तांबे पानाला भाजते. चुन्याशी मिळून त्याचे पाण्यात सहज न विरघळणारे संयुग होते आणि ते पानावर बसून हळूहळू काम करते. चुना पुरेसा पडला की नाही, हे बघायला लोखंडी विळ्याचे पाते मिश्रणात धरतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, चुन्याची निवळी आणखी घाला. पाते स्वच्छ निघाले तर फवारा. आणि हे मिश्रण लोखंडी पिंपात कधीच करत नाहीत, प्लॅस्टिकच्या पिंपात करतात. का, ते आता वेगळे सांगायला नको. त्याच दिवशी वापरून संपवावे, शिळे करू नये. हा शोध फ्रान्समधला. बोर्डोच्या परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे चोरांनी खाऊ नयेत म्हणून मोरचूद-चुन्याचा निळा शिडकावा करत. त्याच वेली रोगातून वाचल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि १८८५ साली त्याने ही पद्धत जाहीर केली.

आता कढीकडे परत येऊ.

आम्ल म्हणजे हायड्रोजन सोडायला तयार असलेला पदार्थ. म्हणून हायड्रोजनला उतरंडीत जागा. त्याच्या वरचे धातू आम्लात विरघळतात आणि हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. तांबे त्याच्या खाली आहे, म्हणजे ताकाने, चिंचेने तांबे विरघळायला नको. वर्गात एखादा चुणचुणीत विद्यार्थी हे बरोबर पकडत असे: मग कढी कळकली कशी? ताकाला साथीदार मिळतो तो हवेतला ऑक्सिजन. तो तांब्याच्या पृष्ठभागाचे ऑक्साइड करतो, आम्ल ते ऑक्साइड विरघळवून नेते, खालचे तांबे पुन्हा उघडे पडते, पुन्हा हवा. म्हणजे आंबट, हवा आणि वेळ या तिघांनी मिळून हे काम होते. भांड्याच्या कडेला, जिथे कढी आणि हवा भेटतात, तिथेच हिरवे आधी दिसते ते यामुळे.

यातून निघणारे नियम असे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत दही, ताक, चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू, लोणचे काहीही ठेवायचे नाही. अर्ध्या तासासाठीसुद्धा सवय नको. साधे पाणी रात्रभर तांब्याच्या तांब्यात ठेवायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम सांगितली आहे आणि स्वच्छ तांब्यातले साधे पाणी सहसा त्याच्या आत राहते. त्याच तांब्यात सकाळी लिंबू पिळून मध घालून पिणाऱ्यांनी मात्र ते पाणी आधी काचेच्या पेल्यात ओतावे, मग लिंबू पिळावे. विल्सन या आनुवंशिक आजारात शरीराला तांबे बाहेर टाकता येत नाही. अशा रुग्णांनी तांब्याच्या भांड्यापासून दूरच राहावे.

घासण्याचेही तसेच. राख अल्कधर्मी असते, तेलकटपणा काढते, पण काळा थर तिला दाद देत नाही. तो ऑक्साइडचा, त्याला आंबट लागते. म्हणून आधी राखेने किंवा साबणाने तेल काढा, मग चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ. मिठामुळे आम्लाचे काम लवकर होते. पितळ मात्र आंबटात भिजत घालू नका. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त उतरंडीत वरचे, ते आधी निघून जाते आणि पिवळ्या भांड्यावर गुलाबी डाग उरतात. ते नुसते तांबे. चोळा, लगेच भरपूर पाण्याने धुवा, कोरडे पुसा.

इथे एक आडवळण. काशाच्या वाटीने तळपाय चोळले की तळवे काळे होतात आणि शरीरातली उष्णता बाहेर पडली असे समजतात. कासे म्हणजे तांबे आणि कथील. तेलातली आम्ले आणि घाम यांच्याशी त्या धातूची जी देवघेव होते, तो हा काळा रंग आहे. चोळून घेतल्यावर बरे वाटते, झोप लागते, ते खरेच, जरूर चोळा. पण काळेपणावरून प्रकृतीचे निदान करू नका.

पितळी भांड्यात आंबट शिजवण्याची वाट एकच, कल्हई. पाठ्यपुस्तकात तिला कथिलीकरण म्हणतात. कल्हईवाला भांडे तापवतो आणि नवसागराची पूड टाकतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचे ऑक्साइड खाऊन धातू उघडा करते, आणि वर गेल्यावर दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात तो नाकात जाणारा पांढरा धूर. मग कथिलाची कांडी टेकवली की २३२ अंश सेल्सियसला वितळणारे कथील पसरते, आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवले जाते. ऑक्साइड असलेल्या जागी कथील धरत नाही. म्हणून भांडे नीट न घासता दिले तर कल्हई टिकणार नाही, आणि दोष कल्हईवाल्याचा नसेल.

एक शंका इथे यायला हवी. कथील तर तांब्याच्या वर आहे, मग ते आम्लात आधी जाणार नाही का? थोडे जातेही. पण त्याच्यावर ऑक्साइडचा घट्ट, पातळ पापुद्रा असतो, रोजच्या आंबटाला तो बराच पुरतो, आणि पोटात गेलेले थोडे कथील तांब्याइतका त्रास देत नाही.

कल्हईच्या भांड्याची पथ्ये वितळण्याच्या त्या २३२ अंशांवरूनच समजतात. भांडे रिकामे तापवू नका. त्यात रवा, दाणे भाजू नका. कडकडीत फोडणी वेगळ्या कढल्यात करा. स्टीलचा उलथना नको, लाकडी डाव घ्या. आत कुठेही पिवळा किंवा तांबूस रंग डोकावला की समजा वेळ झाली, मग वर्ष झालेले असो वा चार महिने.

आणि शिसे. ही गोष्ट मी जरा आवाज चढवून सांगते. शिसे कथिलापेक्षा स्वस्त, आणि दोन्ही मिसळली की मिश्रण आणखी कमी उष्णतेवर वितळते, म्हणून काम सोपे होते. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. कल्हईला देताना कांडी शुद्ध कथिलाची आहे का, हे विचाराच. कथिलाची कांडी वाकवली की आतून करकर आवाज येतो, शिसे मात्र मुके असते. ही काही प्रयोगशाळेतली परीक्षा नव्हे, पण विचारणारे गिऱ्हाईक आहे एवढे त्यातून कळते. फुटक्या भांड्याला डाक द्यायचा असेल तर आतून शिशाचा डाक नको. देवळातला शेंदूरही शिशाचेच ऑक्साइड आहे. मुलांचे हात धुतल्याशिवाय प्रसाद देऊ नका.

ॲल्युमिनियम उतरंडीत इतके वर, तरी कुकर कसा टिकतो? हवेला लागताच त्याच्यावर ऑक्साइडचे कवच येते, ते पारदर्शक, घट्ट, खरवडले तरी क्षणात पुन्हा येणारे. आपल्याकडे त्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. जर्मन सिल्व्हर हा तांबे-जस्त-निकेलचा वेगळाच मिश्रधातू, त्याच्याशी याचे नाते नाही. या कवचाची खोड अशी की ते उभयधर्मी आहे. आम्लातही विरघळते आणि अल्कातही. म्हणून जर्मनच्या पातेल्यात चिंचेचे सार नको आणि धुण्याचा सोडा टाकून ते उकळणेही नको. बोअरच्या जड पाण्याने कुकर आतून काळा पडतो. पिळून झालेली लिंबाची फोड तळाच्या पाण्यात टाकण्याची घराघरातली युक्ती योग्य आहे; तेवढ्या सौम्य आम्लाने भांड्याचे बिघडत नाही. हार्ड अनोडाइज्ड भांड्यात हेच कवच विजेच्या साहाय्याने जाड केलेले असते.

लोखंडाच्या गंजाला असे शहाणपण नाही. तो भुसभुशीत, खालच्या धातूपेक्षा जास्त जागा घेणारा, म्हणून पापुद्रे सुटतात आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, मिठाने तो धावत सुटतो. रत्नागिरीतले खिडकीचे गज आणि सोलापुरातले गज यांची तुलना करून बघा. बिडाचा तवा घासून झाला की लगेच गॅसवर कोरडा करा आणि तेलाचा हात फिरवा. तापल्यावर ते तेल घट्ट होऊन काळा थर बनते, तोच तव्याचे कवच. तो थर तारेच्या घासणीने चकचकीत करणाऱ्यांना मी तवा देत नाही.

लोखंडी कढईत आंबट भाजी केली की थोडे लोह उतरते, आणि ज्यांच्या रक्तात लोह कमी आहे त्यांना ते उपयोगी पडते. आवळा किंवा केळफूल त्यात काळे होते ते टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने. जुनी शाई हिरडा आणि हिराकस यांची होती, ती याच रसायनाने. खाल्ले तरी अपाय नाही. मात्र याच कारणाने लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहातले टॅनिन लोहाला धरून बसते आणि ते अंगी लागत नाही. लिंबू सरबताबरोबर घ्या. थॅलेसेमियासारख्या आजारात शरीरात लोह आधीच जास्त साठते. तिथे लोखंडी कढईबद्दल डॉक्टरांना विचारा.

स्टीलबद्दल थोडक्यात. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि त्याच्या ऑक्साइडचे कवच भांड्याला वाचवते. मिठातले क्लोराइड हे कवच टोचते. थंड पाण्यात मीठ टाकून पातेले तसेच ठेवले की तळाशी बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला, ढवळा. लोणच्याला चिनी मातीची बरणीच बरी.

उतरंडीचा सर्वांत हुशार उपयोग म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी झिजणे. पत्र्यावर जस्त चढवतात. जस्त लोखंडाच्या वर आहे, म्हणून पत्र्याला ओरखडा गेला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. कथिलाचा मुलामा दिलेल्या डब्याचे उलटे: कथील लोखंडाच्या खाली, म्हणून ओरखडा पडला की लोखंडच आधी आणि जोराने गंजते. डबाबंद वस्तू घेताना पोचे आलेला, ओरखडलेला डबा टाळावा तो यासाठी. आणि जस्त चढवलेल्या बादलीत पन्हे किंवा सरबत करू नका. जस्त आम्लात झटकन उतरते आणि पंगतीला उलट्या होतात. तुमच्या साठवणीच्या गिझरच्या टाकीतही मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून ती झिजत असते. बोअरचे पाणी असेल तर ती लवकर संपते, आणि ती संपली की टाकीची पाळी येते. वर्षातून एकदा गिझर तपासायला माणूस येईल तेव्हा ती कांडी बाहेर काढून दाखवायला सांगा.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी. तो थर चांदीच्या सल्फाइडचा. पावडरीने घासले की थराबरोबर चांदीही जाते. त्यापेक्षा स्टीलच्या पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, कडक पाणी ओता, लिटरमागे एक मोठा चमचा खाण्याचा सोडा टाका आणि पैंजण फॉइलला टेकतील असे बुडवा. ॲल्युमिनियम वरचे, ते गंधक स्वतःकडे घेते आणि चांदी परत चांदी होते. सडक्या अंड्याचा थोडा वास आला तर बिचकू नका, खिडकी उघडा. मोती, खडे बसवलेले किंवा मुद्दाम काळे केलेले ऑक्सिडाइज्ड दागिने यात घालू नका.

सोने तळाशी. ते हवेने काळवंडत नाही, त्यावर बसतो तो तेला-साबणाचा थर, आणि त्याला कोमट साबणपाणी व मऊ ब्रश पुरतो. सोने विरघळवणारी एक गोष्ट आहे, आम्लराज: तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक भाग नायट्रिक आम्ल. दारावर येऊन ‘बाई, दागिने उजळून देतो’ म्हणणाऱ्याच्या वाडग्यात तेच असू शकते. बांगड्या बाहेर निघतात तेव्हा झळकतात खऱ्या, पण वजन त्याच्या वाडग्यात राहिलेले असते. दुपारी घरात एकट्या असलेल्या वृद्ध बायका यात फसतात, बातम्या येत राहतात. आजच आपल्या घरातल्या आजीला, आईला हे सांगून ठेवा: सोने उजळायला दाराबाहेरच्या कोणाच्याही हातात द्यायचे नाही.